‘किती शिकला?’ या प्रश्नाचे थोतांड

शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, तुमची पोरे किती शिकली हे सरकार, विद्यापीठे आणि निरनिराळ्या संस्था दर काही वर्षांनी मोजीत असतात. ते मोजमाप कसे होते आणि त्या मापावरून तुमच्याविषयी काय काय ठरविले जाते, हे तुम्हांस कोणी समजावून सांगत नाही. ते सांगावे म्हणून हा मजकूर लिहिला आहे.

पाहणीवाला अंगणात येतो. पोरगा घरी नसतो, म्हणून तो म्हाताऱ्यास विचारतो, ‘‘बाबाजी, तुमचा मुलगा किती शिकला?’’ म्हातारा सांगतो, ‘‘दहावी झाली जी.’’ पाहणीवाला दहाचा आकडा टाकतो आणि पुढच्या घरी जातो. आता ‘दहावी झाली’ या दोन शब्दांचा आपल्या बोलीत अर्थ काय? पोरगा दहावीच्या वर्गात वर्षभर बसला, हा एक अर्थ. परीक्षेस बसला आणि गणितात गेला, हा दुसरा. पास होऊन दाखला घरी आणला, हा तिसरा. तिन्ही पोरांचा बाप तेच दोन शब्द बोलतो, कारण त्याच्या मनाने पोराने दहा वर्षे शाळेची वाट तुडविली हेच खरे शिक्षण. पण कागदावर तिघेही सारखे. आणि जो पोरगा आज दहावीत शिकतोच आहे, तोही कित्येकदा त्याच दहाच्या रकान्यात जाऊन बसतो!

एकच पाहणी करून सोडून दिली तर हा घोटाळा झाकून राहतो. परंतु ज्या पाहण्या त्याच त्या तरुणांकडे तीन-चार वर्षांनी पुन्हा पुन्हा जातात, त्यांत तो उघडा पडतो. पहिल्या फेरीत दहा इयत्ता शिकलेला तरुण पुढल्या फेरीत नऊच इयत्ता शिकलेला निघतो. शिक्षण काय मोहाच्या दारूसारखे उडून जाते? तसे नव्हे. पहिल्या खेपेस बापाने सांगितले, दुसऱ्या खेपेस पोराने सांगितले, आणि पोराला आपण नापास झालो हे बापापेक्षा जास्त टोचते. मग शहरातला हिशेबनीस दोन आकड्यांतला एक खरा धरतो व दुसरा पुसतो. कोणता पुसावा हे विचारण्यास तो परत गावात येत नाही.

बरे, इयत्ता खरी सांगितली तरी सगळ्या काळच्या इयत्ता एका तराजूत बसतात काय? आपल्या आजोबांच्या वेळी सातवीची व्हर्नाक्युलर फायनल पास झालेला माणूस गावाचा मास्तर होई. १०+२ ची पद्धत येण्यापूर्वी मॅट्रिक अकरावीला होती. १ एप्रिल २०१० पासून शिक्षणहक्काचा कायदा आला आणि आठवीपर्यंत कोणासही नापास करणे बंद झाले. पोरांस मागे ठेवू नये हा हेतू चांगलाच होता. आम्ही त्याची निंदा करीत नाही. पण त्या दिवसापासून ‘आठवी पास’ याचा अर्थ ‘आठ वर्षे नाव पटावर होते’ एवढाच उरला. २०१९ साली केंद्राने कायदा बदलला, २०२३ साली आपल्या राज्याने पाचवी व आठवीला पुन्हा वार्षिक परीक्षा आणली. म्हणजे एकाच घरात थोरल्याची आठवी निराळी आणि धाकट्याची निराळी. दहावीचे पाहा. २०२० साली राज्याचा निकाल ९५.३० टक्के लागला. २०२१ साली महामारीमुळे परीक्षाच झाली नाही. शाळांनी अंतर्गत गुण दिले व निकाल ९९.९५ टक्के लागला. त्या वर्षीच्या पोरांचा यात काडीचा दोष नाही. पण पाहणीच्या तक्त्यात दोन्ही वर्षांची दहावी एकाच रकान्यात जोडून ‘तरुणांची प्रगती’ म्हणून मिरविणे, याला हिशेब म्हणावे काय? पायलीचे माप दर हंगामास बदलणाऱ्या सावकारास आपण काय म्हणतो, ते येथे लिहीत नाही.

जनगणनेची तऱ्हा तर याहून अजब आहे. १९११ च्या गणतीत साक्षर कोण याची कसोटी अशी होती की मित्राला पत्र लिहिता यावे आणि त्याचे उत्तर वाचता यावे. हल्लीची व्याख्या अशी की सात वर्षांवरील ज्या माणसास कोणत्याही भाषेत समजून वाचता व लिहिता येते तो साक्षर. व्याख्येत खोट नाही. खोट अशी की समोर कागद ठेवून कोणी वाचून घेत नाही; घरचा माणूस सांगेल तेच लिहिले जाते. २०११ साली गडचिरोली जिल्हा सुमारे ७४ टक्के साक्षर ठरला, बायका सुमारे ६६ टक्के. चंद्रपूर जिल्हा ८० टक्के. हे आकडे तेव्हापासून प्रत्येक अहवालात व प्रत्येक भाषणात फिरत आहेत.

समोर कागद ठेवून वाचून घेणारी पाहणीही आहे, आणि तिचे श्रेय तिला दिले पाहिजे. ‘प्रथम’ या संस्थेची ‘असर’ पाहणी २००५ सालापासून घरोघर जाऊन पोरांना मजकूर वाचावयास लावते व गणित घालते. २०२३ साली तिने देशातील २८ जिल्ह्यांत १४ ते १८ वर्षांची ३४,७४५ मुले-मुली तपासली. शंभरांतली जवळजवळ ८७ शाळा-कॉलेजात नाव असलेली निघाली. परंतु चौथा हिस्सा मुलांस आपल्या प्रांताच्या भाषेतला दुसरीचा मजकूर सरळ वाचता आला नाही, आणि तीन आकडी संख्येस एका आकड्याने भागणे फक्त ४३ टक्क्यांस जमले. इयत्ता आणि विद्या यांत केवढे अंतर आहे ते पाहा. मात्र त्या वर्षी महाराष्ट्रातून घेतलेला जिल्हा नांदेड होता. शिवाय ही पाहणी घरी राहणाऱ्या मुलांची. एटापल्ली-भामरागडकडची जी पोरे आश्रमशाळेच्या वसतिगृहात वर्षाचे दहा महिने काढतात, ती घराच्या यादीत येतच नाहीत. आणि दर खेपेस पोर नवे; गेल्या खेपेच्या पोराचे पुढे काय झाले, हे ती विचारीत नाही.

तोच प्रश्न विचारणारी पाहणी आमच्या शेजारीच झाली. सिरोंच्याहून गोदावरी ओलांडली की तेलंगण लागते. तेव्हाच्या अखंड आंध्र प्रदेशात २००२ सालापासून ‘यंग लाइव्ह्ज’ नावाच्या पाहणीने तीन हजार मुले धरली. एक हजार १९९४-९५ च्या सुमारास जन्मलेली, दोन हजार २००१-०२ च्या सुमारास. तीच मुले दर तीन-चार वर्षांनी पुन्हा शोधली, मोठी झाली, लग्ने झाली, मजुरीस गेली तरी माग सोडला नाही. इयत्ताही विचारली आणि वाचून, गणित घालूनही पाहिले. हे काम कष्टाचे व खर्चाचे आहे. पण असे केल्याशिवाय पोर कोणत्या वर्षी, कशापायी शाळेतून गळाले हे कळत नाही. त्या तीन हजारांत आमच्या झाडीचे, आमच्या जंगलाचे पोर एकही नाही.

आणि आमच्याकडे पोर हरवते ते कसे? मिरची तोडण्याकरिता आईबाप तेलंगणात गेले की पोर पाठोपाठ जाते. मुलीचे लग्न झाले की ती बापाच्या घराच्या यादीतून उतरते आणि सासरच्या यादीत तिचे शिक्षण सासू सांगते. जो सर्वांत आधी शाळा सोडतो तोच पाहणीच्या दिवशी घरी नसतो. जो टिकला तो घरी सापडतो. मग सापडलेल्यांची सरासरी काढून ‘जिल्हा सुधारला’ म्हणावयाचे! ४ जुलै २०१५ रोजी आपल्या सरकारने एका दिवसात राज्यातली शाळाबाह्य मुले मोजली, पोरांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली. एका दिवसात! जुलैचा महिना, पऱ्हे तयार, रोवण्याची घाई. त्या दिवशी बांधावर, रानात, रस्त्यावर कोण कोठे होते, हे त्या शाईला काय ठाऊक? आणि मोजणीदार कोण, तर शाळेचा मास्तर. ज्याच्या पटावरून त्याची शाळा टिकावयाची की मोडावयाची ते ठरते, त्याच्याच हाती गळालेल्या पोरांची मोजणी द्यावयाची, ही युक्ती ज्याने काढली त्याची बुद्धी धन्य होय.

भाषेचाही विचार करा. माडिया पोरगी घरी माडिया बोलते, सिरोंच्याचे पोर तेलुगू, मुलचेऱ्याकडच्या वस्त्यांतले पोर बंगाली. तिघांसमोर मराठीचा एकच उतारा ठेवला आणि पोर अडखळले, तर वाचता येत नाही म्हणून अडखळले की मराठी येत नाही म्हणून? तक्ता दोहोंत भेद करीत नाही. धानोरा तालुक्यातील मोहगावच्या ग्रामसभेने २०१९ साली गोंडी भाषेची शाळा काढली. खात्याने ती अनधिकृत ठरविली. म्हणजे पोर रोज शाळेत जाते, आपल्या भाषेत वाचते, लिहिते, आणि सरकारी माप म्हणते की ज्या शाळेत हे शिकते ती शाळाच नव्हे.

कोणी म्हणेल, आकड्यांच्या या भांडणाशी कुणब्याचा, तेल्याचा, ढिवराचा, बुरडाचा काय संबंध? संबंध पोटाचा आहे. २००९ साली मेंढा (लेखा) गावास जंगलावरचा सामूहिक हक्क मिळाला आणि पुढे गडचिरोलीतल्या शेकडो ग्रामसभा बांबू व तेंदू स्वतः विकू लागल्या. सत्तर पानांचा एक पुडा, त्याचा शेकड्यास भाव, फळीवर मुन्शीने घरागणिक लिहिलेला आकडा, मग ठेकेदाराशी करार, मग बँकेतली रक्कम. हा सारा हिशेब वाचणारा कोणी तरी गावात हवा. सरकारी तक्ता म्हणतो, गावात वीस जण दहावी झालेले आहेत, तेव्हा शिक्षणाची अडचण मिटली. पण करारनामा समोर आला की ते वीसही जण ठेकेदाराच्या माणसाकडे पाहतात. तक्ता बरोबर असेल तर गाव ठकले का जाते?

जोतीराव फुल्यांनी १८८२ साली हंटर कमिशनपुढे हेच गाऱ्हाणे मांडले की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो आणि शिक्षणाचा खर्च वरच्या वर्गांवर होतो. तेव्हा शाळाच नव्हती, म्हणून अन्याय डोळ्यांना दिसे. आता शाळा आहे, पट आहे, दाखला आहे, आणि अन्याय दहाच्या आकड्याखाली झाकला आहे. वरच्या वर्गाच्या पोराची दहावी आणि तुमच्या पोराची दहावी तक्त्यात एकच. पुढे नोकरीच्या परीक्षेत तुमचे पोर मागे पडले की तेच पंडित म्हणावयास मोकळे की, शिक्षण तर सर्वांस सारखे दिले, यांच्यातच काही कमी आहे.

म्हणून आमचे मागणे आहे. ‘किती शिकला’ असे मोघम विचारू नका. शेवटची कोणती परीक्षा पास झाला, कोणत्या वर्षी, शाळा केव्हा व का सोडली, हे त्या तरुणालाच, त्या मुलीलाच विचारा, आणि दाखला असेल तर पाहा. समोर पोथीतला उतारा न ठेवता सातबारा, बँकेची पावती, फळीचे कार्ड ठेवा. आधी घरच्या भाषेत, मग मराठीत. वसतिगृहातले पोर आणि मिरचीला गेलेले पोर यांस यादीतून पुसू नका, त्यांच्यामागे जा. शिक्षक पाहणीला देऊ नका. त्याला वर्गात राहू द्या. आणि निघालेला आकडा ग्रामसभेत वाचून दाखवा, म्हणजे तो खरा की खोटा हे गाव सांगेल.

२०२१ ची जनगणना वेळेवर झालीच नाही. ती २०२७ साली करण्याचे जाहीर झाले आहे, आणि तीत जात मोजण्याचे केंद्र सरकारने एप्रिल २०२५ मध्ये ठरविले. १९३१ नंतर सर्व जातींची गणना प्रथमच होणार. जातीच्या रकान्यासाठी आपल्या लोकांनी पुष्कळ वर्षे भांडण केले. आता त्याच्या शेजारच्या शिक्षणाच्या रकान्यात काय भरले जाते, तिकडे डोळा ठेवा. तेथे म्हाताऱ्याच्या तोंडचे ‘दहावी झाली’ लिहून घेऊन कोणी उठू लागला, तर त्याला बसवा आणि पोराला हाक मारा.

— एक खेड्यातील मास्तर