सवलत यंत्राला, जागरण माणसाला

ऊस वाहतुकीतील ट्रॅक्टरचालकांच्या कामाच्या तासांचा प्रश्न

गाळपाचा हंगाम सुरू झाला की कोल्हापूर-सांगलीपासून बेळगाव-बागलकोटपर्यंत आणि दक्षिण गुजरातपासून पश्चिम उत्तर प्रदेशापर्यंत रस्त्यांवर उसाने लादलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या रांगा लागतात. फडात मोळ्या भरायच्या, कारखान्याच्या आवारात रांगेत थांबायचे, काट्यावर वजन करायचे, ट्रॉली रिकामी करायची आणि पुन्हा फडाकडे निघायचे, असा हा फेरा असतो. चालकाची कमाई बहुधा टनावर किंवा खेपेवर ठरते, त्यामुळे झोपेचा प्रत्येक तास त्याच्या मजुरीतून वजा होतो. पहाटेच्या अंधारात एखादी ट्रॉली उलटली की दुसऱ्या दिवशी बातमी येते, 'चालकाचे नियंत्रण सुटले'. किती तास जागा राहिल्यानंतर त्याचे नियंत्रण सुटले, हे मात्र कोणी विचारीत नाही. विचारण्याची सोय कायद्यानेच ठेवलेली नाही.

कायद्याच्या कक्षेबाहेरचा कामगार

मोटार वाहतुकीतील कामगारांच्या कामाच्या तासांवर या देशात कायदाच नव्हता, असे नाही. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला ८ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घातली. पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि एका दिवसाचे काम संपून दुसऱ्या दिवशीचे सुरू होईपर्यंत सलग ९ तासांची विश्रांतीही त्याने ठरवून दिली. पुढे १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ९१ ने परिवहन वाहन चालविणाऱ्या प्रत्येकाला हेच तास लागू केले.

ट्रॅक्टरचालक या तरतुदींतून दोन ठिकाणी निसटतो. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत शेती-ट्रॅक्टरची व्याख्या आहे. मशागतीची अवजारे किंवा शेतमालाची ट्रॉली ओढण्यासाठी बनविलेले चारचाकी यंत्र, असा तिचा आशय असून हे वाहन 'बिगर-परिवहन' समजले जाईल, असे तिथेच नमूद आहे. माल कोणाचा, अंतर किती आणि चाक किती तास फिरले, याविषयी ही व्याख्या काहीही सांगत नाही. स्वतःच्या दोन एकरांतला भाजीपाला गावच्या बाजारात नेणारा शेतकरी आणि साखर कारखान्याशी करार करून संपूर्ण हंगामभर रात्रंदिवस ऊस ओढणारा ट्रॅक्टर, हे दोघेही या व्याख्येत एकाच रांगेत बसतात. वाहन परिवहनाचे नाही, म्हणून त्याच्या चालकाला परिवहन कामगाराचे तास नाहीत.

दुसरी पळवाट संख्येची आहे. १९६१ चा कायदा पाच किंवा अधिक मोटार परिवहन कामगार असलेल्या उपक्रमांनाच लागू होता. ऊस वाहतुकीतला वाहनमालक बहुधा एका किंवा दोन ट्रॅक्टरांचा धनी असतो, आणि कित्येकदा कर्ज काढून ट्रॅक्टर घेतलेला तो स्वतःच चालकही असतो. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चारही श्रमसंहिता अमलात आणल्याचे जाहीर केले, तेव्हा ही पळवाट बुजविण्याची संधी होती. घडले उलटेच. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेने १९६१ चा कायदा आपल्यात सामावून घेतला आणि मोटार परिवहन उपक्रमासाठी कामगारसंख्येची अट पाचवरून दहावर नेली. जे दार आधीच अरुंद होते, ते सुधारणेच्या नावाखाली आणखी अरुंद झाले.

फाटकाच्या आत आणि बाहेर

साखर कारखान्याच्या फाटकाच्या आत गाळप अहोरात्र चालते. परंतु तेथील माणूस अहोरात्र चालत नाही. तेथे पाळ्या बदलतात, हजेरी लागते, भोंगा वाजतो. कामगारांच्या दीर्घ लढ्यांनी हे मिळविलेले आहे. त्याच कारखान्याला ऊस पुरविणारा चालक फाटकाबाहेर उभा असतो आणि त्याला पाळी नसते. गव्हाण रिकामी पडू नये म्हणून फडापासून काट्यापर्यंतची साखळी अखंड चालू ठेवायची, आणि तिच्यातल्या माणसाच्या झोपेची जबाबदारी मात्र कोणीच घ्यायची नाही, अशी ही व्यवस्था आहे. कारखाना वाहनमालकाकडे बोट दाखवितो, वाहनमालक कराराकडे आणि करार टनेजकडे.

रांगेतल्या वेळेचा प्रश्नही असाच आहे. १९६१ च्या कायद्याने थांब्यावर नुसते हजर राहण्याचा १५ मिनिटांपेक्षा कमी काळ कामाच्या तासांत स्पष्टपणे धरला. कारखान्याच्या आवारात तासन्‌तास रांगेत राहावे लागते, आणि रांग पुढे सरकली की ट्रॅक्टर हलवावाच लागतो. ही धड विश्रांतीही नसते आणि हिशेबात तिला काम म्हणूनही धरले जात नाही.

डिझेलचा न्याय

शेतीच्या नावाने यंत्राला ज्या सवलती मिळतात, त्यांचे स्वरूपही तपासून पाहिले पाहिजे. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. छोट्या शेतकऱ्याच्या दृष्टीने ही कपात स्वागतार्हच आहे. परंतु ट्रॅक्टर एकदाच विकत घ्यावा लागतो, डिझेल रोज. ऑक्टोबर २०१४ मध्ये डिझेलचे दर नियंत्रणमुक्त करण्यात आले. २०१८ च्या अर्थसंकल्पाने त्यावर रस्ते व पायाभूत सुविधा उपकर बसविला आणि २०२१ मध्ये लिटरमागे ४ रुपयांचा कृषी पायाभूत सुविधा व विकास उपकर आला. म्हणजे डांबरी रस्त्याला चाक न लावता शेत नांगरणारा ट्रॅक्टर रस्त्याचा उपकर भरतो, आणि शेतीच्या विकासासाठी जमविलेला पैसाही शेतकऱ्याच्याच टाकीतून वसूल होतो.

ब्रिटनसारख्या भांडवलशाही देशातही शेतीच्या डिझेलला लाल रंग देऊन त्यावर वेगळा, अत्यल्प कर आकारतात. मार्च २०२२ च्या कपातीनंतर तेथे साध्या डिझेलवर लिटरमागे ५२.९५ पेन्स कर होता, तर लाल डिझेलवर १०.१८ पेन्स. त्याच वर्षी १ एप्रिलपासून बांधकामासह अनेक उद्योगांची ही सवलत काढून घेण्यात आली. शेती, फळबाग, वनीकरण आणि मत्स्यशेती यांची मात्र टिकली. आपल्याकडे इंधनात असा भेद नाही. महागलेल्या डिझेलचा बोजा वाहनमालक चालकावर टाकतो. तेवढ्याच वेळेत अधिक खेपा मारल्या तरच हिशेब जुळतो, आणि डिझेलच्या दराचे रूपांतर चालकाच्या जागरणात होते.

अपघातानंतरची व्याख्या

जिवंतपणी शेतीकामातला म्हणून कायद्याबाहेर ठेवलेला हा कष्टकरी अपघातानंतर अचानक शेतीबाहेरचा ठरू शकतो. वीटभट्टीची माती वाहणाऱ्या ट्रॅक्टर-ट्रॉलीवरील एका मजुराच्या प्रकरणाचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये दिला. ट्रॅक्टरचा विमा केवळ शेतीकामासाठी होता, म्हणून विमा कंपनीचे दायित्व न्यायालयाने मान्य केले नाही. मजुराची गरिबी पाहून आपल्या विशेषाधिकारात न्यायालयाने कंपनीला आधी भरपाई देण्यास आणि नंतर ती मालकाकडून वसूल करण्यास सांगितले, एवढाच काय तो दिलासा. भरपाई मजुराचा हक्क म्हणून न मिळता न्यायालयाच्या करुणेवर अवलंबून राहावी, ही कायद्याची नामुष्की आहे.

आक्षेप आणि उत्तर

शेतीचे काम घड्याळावर चालत नाही, हा नेहमीचा आक्षेप आहे. तोडलेला ऊस वाळतो, वजन घटते, उतारा पडतो, हे खरेच आहे. परंतु त्यातून निष्कर्ष निघतो तो ट्रॅक्टर थांबू नये एवढाच. एकाच माणसाने तो चालवीत राहावा, असा निष्कर्ष त्यातून निघत नाही. कारखान्याच्या आत यंत्र न थांबता माणसे बदलतात, तशी ती बाहेरही बदलता येतील.

दुसरा आक्षेप अधिक धूर्त आहे. तोडणी-वाहतुकीचा खर्च उसाच्या दरातून कापला जातो, तेव्हा दुसरा चालक ठेवला तर शेतकऱ्याचेच नुकसान होईल, असे सांगितले जाते. शेतकरी आणि चालक यांना परस्परांसमोर उभे करणारा हा युक्तिवाद ओळखला पाहिजे. उसापासून आज साखरेबरोबर इथेनॉल, वीज आणि मळीचेही उत्पन्न मिळते. रात्रीच्या वाहतुकीचा खर्च त्या उत्पन्नातून करावा, ही मागणी ऊस उत्पादक आणि वाहतूक कामगार यांनी एकत्र केली, तर तिचे बळ दुप्पट होईल.

आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १९७९ च्या १५३ व्या करारातही रस्ते वाहतुकीचे तास ठरविताना शेती व वनकामाच्या स्थानिक ट्रॅक्टर-वाहतुकीला वगळण्याची मुभा आहे. परंतु असे वगळलेल्या चालकांसाठी वेगळे, पुरेसे मापदंड ठरविण्याचे बंधनही त्याच कलमात आहे. आपल्याकडे मुभा तेवढी घेतली गेली आणि बंधन विसरले गेले.

काय मागायचे?

भाड्याने कारखान्याचा ऊस वाहणाऱ्या प्रत्येक ट्रॅक्टरचालकाला, मालकाकडे कितीही कामगार असोत, ८ तासांचे काम आणि सलग ९ तासांची विश्रांती लागू झाली पाहिजे. रांगेतला वेळ कामाचा वेळ मानला पाहिजे. या वाहतुकीसाठी साखर कारखान्यास मुख्य मालक ठरविले पाहिजे. तासांचा पुरावा शोधायला दूर जावे लागणार नाही, कारण ट्रॅक्टर आत कधी आला आणि बाहेर कधी गेला याची नोंद कारखान्याच्या काट्यावरच होऊ शकते. त्याच नोंदीत चालकाचे नाव असावे, आणि विश्रांतीचे तास भरल्याशिवाय तेच नाव पुन्हा लागू नये. विम्यात चालकाबरोबर ट्रॉलीवरील मजुरांचाही समावेश असावा, आणि शेतात जाळलेल्या डिझेलवरील रस्ते-उपकर शेतकऱ्याला परत मिळावा.

वाहतूक कामगार, शेतमजूर आणि किसान यांच्या संघटना या मागण्यांवर हंगामापूर्वीच एकत्र आल्या पाहिजेत. कारखाना आणि वाहनमालक यांचे करार होतात, तीच बोलण्याची वेळ असते. एकदा गव्हाणीत मोळी पडली की पुढचे कित्येक महिने चालकाला मान वर करायलाही उसंत मिळत नाही.