वजनकाटा आणि मोजफीत

रंकाळ्यावर पहाटे फिरावयास येणाऱ्या निवृत्त मंडळींत ‘तीस वर्षांत माझे वजन वाढले नाही’ असे अभिमानाने सांगणारे गृहस्थ हमखास भेटतात. हा अभिमान फसवा ठरू शकतो. उतारवयात रक्तातील साखर जिरवणारे स्नायू झिजतात आणि चरबी वाढते, तीही बहुधा पोटात. तिच्यामुळे इन्सुलिनचा प्रभाव मंदावतो. काटा मात्र जागचा हलत नाही.

पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःच्याच देहाचा दाखला दिला. उंचीच्या वर्गाने वजनास भागून येणारा अंक त्यांचा आणि त्यांचे सहलेखक, लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकच होता : २२.३. चरबी मात्र युडकिन यांच्या अंगी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२! किरकोळ अंगाच्या माणसालाही मधुमेह कसा गाठतो, हे याहून स्पष्ट कोणी सांगावे?

म्हणूनच भारतीयांसाठी कमरेच्या घेराची मर्यादा पुरुषांस ९० व स्त्रियांस ८० सेंटिमीटर मानली जाते. (विजारीचे माप म्हणजे कमर नव्हे, पट्टा पोटाखाली सरकलेला असतो.) शेवटची बरगडी आणि कटीचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून हे माप घ्यावयाचे. तालमींच्या या नगरीत छाती-दंड मोजण्याची हौस जुनी. पोटाशी फीत नेताना मात्र संकोच! आशा सेविकांच्या अर्जात तिशीपुढील प्रत्येकासाठी कमरेचा रकाना आहे. तो अंदाजाने नव्हे, फितीने भरला जावा, आणि घेर अधिक निघालेल्या वृद्धाची रक्तशर्करा, तो कितीही सडपातळ दिसो, तपासली जावी.