बिनवायरचा चार्जर : 'कुठलाही फोन चालतो' म्हणजे काय?

आपल्या घरात पैसा येतो तो कष्टाचा. तो बाहेर जाताना चार प्रश्न विचारूनच जावा, असे आम्हांस वाटते. हल्ली बाजारात, स्टेशनबाहेर एक चपटी चकती विकायला असते. 'फोन नुसता वर ठेवा, चार्ज होतो. कुठलाही फोन चालतो', असे विक्रेता सांगतो. या 'कुठलाही' शब्दापाशी जरा थांबू या.

यात चमत्कार काही नाही. लोहाराच्या घरी जन्मलेल्या आणि पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करता करता शिकलेल्या मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली दाखवून दिले, की बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे तारेच्या वेटोळ्यात वीज निर्माण होते. चकतीत एक वेटोळे असते, फोनच्या पाठीत दुसरे. फोनमध्ये ते नसेल तर चकती कितीही महाग असो, उपयोग शून्य. स्वस्तातल्या बहुतेक फोनांत ते नसतेच. तेव्हा पहिला प्रश्न चकतीला नव्हे, आपल्या फोनला विचारावा.

दुसरा प्रश्न भाषेचा. फोन चकतीला सतत कळवत असतो, की वीज किती हवी आणि कधी थांबवायची. ही भाषा सर्व कंपन्यांची एक असावी म्हणून २००८ साली वायरलेस पॉवर कन्सॉर्टियम ही संस्था निघाली. तिच्या मानकाचे नाव 'क्यूआय', उच्चार 'ची'. २०१७ साली ॲपलनेही आयफोन ८ आणि आयफोन टेनमध्ये ते स्वीकारले. त्यामुळे क्यूआयचा फोन आणि क्यूआयची चकती यांचे साधारणपणे जमते.

परंतु जमणे वेगळे आणि वेगाने चार्ज होणे वेगळे. वेगासाठी कंपन्यांनी आपापल्या बोली काढल्या. वनप्लस ८ प्रो या २०२० च्या फोनला ३० वॅट मिळत, ते कंपनीच्याच चार्जरवर. आयफोन साध्या क्यूआय चकतीवर साडेसात वॅटच घेतो, मग खोक्यावर १५ लिहिलेले का असेना. २०२३ साली आलेल्या 'क्यूआय-टू'मध्ये चुंबक बसवले, त्यामुळे फोन नेमक्या जागी चिकटतो आणि १५ वॅट मिळतात. २०२५ मध्ये ही मर्यादा २५ वॅटपर्यंत गेली. तरीही नवा फोन म्हणजे सगळे आलेच, असे समजू नये. २०२५ च्या आयफोन १६ई मध्ये हे चुंबक नाहीत. त्याच वर्षीच्या सॅमसंग गॅलक्सी एस२५ ला चुंबक असलेले कव्हर वेगळे घ्यावे लागते.

तिसरी गोष्ट भिंतीतल्या ॲडॅप्टरची. चकतीबरोबर तो पुष्कळदा मिळत नाही. १५ वॅटच्या चकतीला जुना ५ वॅटचा ॲडॅप्टर लावला, तर वेग येणार कोठून? ॲडॅप्टर घेताना त्यावर भारतीय मानक ब्यूरोची नोंदणीखूण पाहावी.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची, ती सुरक्षिततेची. फोन आणि चकती यांच्यामध्ये नाणे, किल्ली किंवा कव्हरवरची धातूची कडी आली, तर ती तापते. चांगली चकती हे ओळखून वीज तोडते. स्वस्त, बिनखात्रीच्या चकतीत ती सोय असेलच असे नाही. म्हणून चकती उशीखाली वा गादीवर ठेवू नये. घरात कुणाच्या छातीत पेसमेकर बसवलेला असेल, तर अधिक जपावे. चुंबकी चार्जर चालू असताना ३० सेंटिमीटरहून अधिक अंतर ठेवा, असे खुद्द ॲपल सांगते. आजोबांच्या खिशाजवळ, उशाशी अशी वस्तू नको. शंका आल्यास डॉक्टरांना विचारावे.

तेव्हा भगिनी-बंधूंनो, घेण्यापूर्वी फोनची पुस्तिका वाचा. नसेल वाचता येत, तर शाळेत जाणाऱ्या मुला-मुलीकडून वाचून घ्या. दुकानात आपलाच फोन, आपल्याच कव्हरसह चकतीवर ठेवून पाहा. पक्की पावती मागा. आणि फोनमध्ये ही सोय नसेल, तर त्यात कमीपणा मुळीच नाही. वायरने वीज कमी वाया जाते आणि खर्चही कमी येतो. शेजाऱ्याकडे आहे म्हणून आपल्याकडे हवे, या विचाराने संसार चालत नाही. उरलेल्या पैशांत मुलांची वह्या-पुस्तके येतील.