आधी कुपी वाचा, मग वही

अंतिम प्रात्यक्षिक जवळ आलं की आमच्या माढ्यातल्या एएनएमच्या (सहायक परिचारिका-प्रसाविका अभ्यासक्रमाच्या) पोरी रात्र रात्र जागून जर्नल उतरवतात. मी निवृत्त आरोग्यसेविका. संध्याकाळी ओट्यावर येऊन विचारतात, "मावशी, व्हायव्हाला काय येईल?" मी पुस्तक मिटायला लावते.

नवजात बाळाची बीसीजी: ०.०५ मिली, डावा दंड, सुई कातडीला जवळजवळ आडवी. फुगवटा आला नाही तर लस खोल गेली. पेंटाव्हॅलंटला डावी मांडी, ०.५ मिली, सुई सरळ ९० अंशात. हे सगळं त्या घडाघडा म्हणतात. बाळानं पाय झाडला की हात थिजतो. थिजणारच, वॉर्डात दोन वर्षं लांबून बघायला मिळालं असेल तर!

१९४७ च्या परिचर्या परिषद कायद्याच्या जागी २०२३ मध्ये नवा कायदा आला. येऊ दे. माझं मागणं साधं आहे. शेवटचा महिना मुलींना उपकेंद्राच्या लसीकरण सत्रात उभं करा. परीक्षकानंही वहीचं कव्हर बघण्याआधी कुपीवरचं व्हीव्हीएम, म्हणजे लस उष्णतेनं बिघडली का ते दाखवणारी खूण, वाचायला लावावं. आतला चौकोन बाहेरच्या वर्तुळाइतका गडद झाला, तर कुपी बाद. जर्नलला मार्क ठेवा की, थोडे. आणि वापरलेल्या सुईला जी पुन्हा टोपण लावेल, तिला तिथल्या तिथं नापास करा.