वेगळेपणाचं भाडं

गेल्या महिन्यात पुण्याहून आलेल्या एका शिकलेल्या बाईंनी माझ्या सुनेला सांगितलं, "याला विकार म्हणू नका हो. तो फक्त वेगळा आहे." माझा अकरा वर्षांचा नातू तेव्हा ओटीवर बसून महाड ते पोलादपूर रस्त्यावरचे सगळे थांबे कंडक्टरच्या आवाजात म्हणत होता. सून आदल्या रात्री झोपलेली नव्हती, कारण तो झोपला नव्हता. तिने बाईंच्या हातात चहाचा कप दिला आणि ती आत निघून गेली. मला तसं आत निघून जाता येत नाही. मी तीस वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवलं आहे, त्यातली बरीचशी पोलादपूर तालुक्यातल्या वाड्यांवर, आणि या विषयात माझ्या हातून जे झालं आहे तेही मला सांगायचं आहे. ते शेवटी सांगेन.

स्वमग्नता हा विकार की वेगळेपण, हा वाद मी वाचते, ऐकते. दोन्हीकडच्या लोकांचा मला राग येतो, तो एकाच कारणासाठी. हे मूल सकाळी सहापासून रात्री दोनपर्यंत कोण सांभाळतं, हे दोघांपैकी कुणीच विचारत नाही.

आधी वेगळेपणवाल्यांचं. त्यांच्या बोलण्यात खरं काही नाही असं मी म्हणत नाही. 1993 साली जिम सिंक्लेअर या स्वतः स्वमग्न असलेल्या माणसाने पालकांना बजावलं की आमच्यासाठी रडू नका. स्वमग्नता हा आमच्या अंगावर चढलेला कुणी परका नाही, आम्हीच तसे आहोत. 1998 च्या सुमाराला ऑस्ट्रेलियातल्या ज्युडी सिंगर यांनी मेंदूच्या विविधतेचा विचार मांडला. ही माणसं आपल्या अनुभवातून बोलत होती, आणि त्यांच्या रागाला आधार होता. त्यांच्या आधीची कित्येक वर्षं डॉक्टर आयांना गुन्हेगार ठरवत आले होते. ब्रूनो बेटेलहाइम याने तर 1967 साली थंड आईमुळे मूल असं होतं असं सांगणारं आख्खं पुस्तक लिहिलं, आणि जगाने ते डोक्यावर घेतलं. आमच्याकडे बेटेलहाइमचं नाव कुणाला ठाऊक नाही. पण त्याचं काम आमच्याकडे बिनबोभाट चालू आहे. "ग्रहणात बाहेर गेली असेल." "पोराच्या हातात मोबाइल दिला, मग दुसरं काय होणार?" माझ्या सुनेने ही दोन्ही वाक्यं घरात, दारात आणि दवाखान्याच्या बाकावर ऐकली आहेत. मुलाच्या बापाला असं काही विचारलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

तेव्हा सिंक्लेअर यांचा शब्द मला मान्य आहे. पण तो शब्द आता त्यांच्या तोंडी राहिलेला नाही. ज्यांच्या घरात असं मूल नाही, ज्यांच्या शाळेला असं मूल नको आहे, त्यांनी तो उचलला आहे. एका शाळेत आम्ही नातवाला घेऊन गेलो. तिथे गोड आवाजात सांगण्यात आलं, "तो स्पेशल आहे, त्याला आमच्याकडे न्याय मिळणार नाही." वेगळा म्हणायचं आणि दार लावायचं. 'येडा आहे' म्हणून हाकलणाऱ्या माणसाशी निदान भांडता येतं. या गोडव्याशी भांडायला गेलं की आपणच आडमुठे ठरतो.

वेगळेपण कुणाला परवडतं ते सांगते. 1943 साली लिओ कॅनर यांनी अमेरिकेत अकरा मुलांचं वर्णन करणारा लेख लिहिला आणि स्वमग्नतेला वैद्यकात नाव मिळालं. त्यातला पहिला मुलगा डोनाल्ड ट्रिपलेट, मिसिसिपी राज्यातल्या फॉरेस्ट नावाच्या छोट्या गावचा. आईबापांनी आधी त्याला एका संस्थेत ठेवलं होतं, मग घरी परत आणलं. तो शिकला, बँकेत नोकरी केली, गोल्फ खेळला, एकट्याने देशोदेशी फिरला आणि 2023 साली एकोणनव्वदाव्या वर्षी वारला. गावाने त्याला आपला माणूस म्हणून सांभाळलं. ही गोष्ट मी वाचली तेव्हा मला आनंद झाला. मग पुढचं वाचलं. ती बँक त्याच्या आईच्या घराण्याची होती. गाव चांगलं होतंच, ते मी नाकारत नाही. पण ज्याच्या घरची बँक त्याच्या विचित्रपणाला गाव लवकर सरावतं. आमच्या सुतारवाडीतल्या, केवनाळ्यातल्या पोराच्या घरी बँक नाही. उताराची नाचणी आहे, आणि मुंबईहून कधी येणारी, कधी न येणारी मनीऑर्डर आहे.

आणखी एक. 'ही मुलं म्हणजे दैवी देणगी, यांच्यात आइनस्टाइन लपलेला असतो' असं सांगणाऱ्यांनी हान्स अॅस्परगर याने काय केलं ते वाचावं. 1944 मध्ये व्हिएन्नात याने अशाच मुलांच्या बुद्धीचं कौतुक लिहिलं. 2018 साली इतिहासकार हेर्विग चेक यांनी कागदपत्रांतून दाखवून दिलं की याच डॉक्टरने काही मुलांना 'श्पीगेलग्रुंड' या संस्थेत पाठवलं होतं, जिथे नाझी राजवटीत अपंग मुलांना मारलं जात होतं. हुशार दिसला तो वाचवायचा, उपयोगाचा वाटला नाही तो पाठवून द्यायचा. गुणांवरून माणूस मोजायला लागलं की गुण नसलेल्याचं काय होतं, ते तिथे दिसतं. माझा नातू थांबे म्हणतो. त्याला वर्गमुळं येत नाहीत, पेटी वाजवता येत नाही, आणि त्याला जेवण मिळण्यासाठी ती येण्याची गरजही नाही.

आता विकारवाल्यांकडे येते. विकार म्हटलं की पाठोपाठ उपाय विकणारा येतोच. आमच्याकडे पहिला येतो भगत. त्याचा कोंबडा आणि नारळ स्वस्तात पडतो. शहरातला भगत लाखांत घेतो. स्टेम सेलचं इंजेक्शन, ऑक्सिजनची पेटी, अंगातलं शिसं काढणारी औषधं, सहा महिन्यांत बोलतं करण्याची हमी. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने 2022 मध्येच स्पष्ट केलं आहे की स्वमग्नतेवर उपचार म्हणून स्टेम सेलची शिफारस करता येत नाही. तरी आमच्या नात्यातल्या एका जोडप्याने जमिनीचा तुकडा विकून तो उपचार केला. मूल होतं तसंच आहे. जमीन गेली. अशा उपचाराला मी लूट म्हणते, आणि जो डॉक्टर तो विकतो त्याला लुटारू म्हणायला मी कचरत नाही.

माझं म्हणणं एवढंच आहे की माझा नातू आजारी नाही, त्याला बरं करायचं नाही, आणि तरीही तो दिव्यांग आहे. भूक लागल्याचं त्याला सांगता येत नाही, दात दुखतो तेव्हा तो स्वतःचं डोकं भिंतीवर आपटतो, आणि दार उघडं राहिलं तर पावसाळ्यातल्या सावित्री नदीच्या दिशेने सरळ चालू लागतो. याला नुसतं 'वेगळेपण' म्हणणाऱ्याने एक जून महिना आमच्या घरी काढावा.

दिव्यांग हा शब्द मला हवा आहे, कारण सरकार दुसऱ्या कुठल्याच शब्दाला ओळखत नाही. 1995 च्या अपंगांच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यात स्वमग्नता नव्हती. 1999 च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली, आणि 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या एकवीस प्रकारांत तिला जागा मिळाली. चाळीस टक्क्यांचं प्रमाणपत्र असेल तर एसटीची सवलत, संजय गांधी निराधार योजना, सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क. प्रमाणपत्र नसेल तर तुमचं मूल फक्त वेगळं.

आणि ते टक्के कसे मोजतात? आपल्या देशात त्यासाठी चाळीस प्रश्नांची मोजपट्टी आहे. प्रत्येक प्रश्नाला एक ते पाच गुण, सत्तरच्या आत बेरीज आली तर स्वमग्नता नाही. नजरेला नजर देत नाही, गुण वाढले. हसण्याला हसून उत्तर देत नाही, वाढले. चाळिसावा प्रश्न असतो मुलात एखादी विलक्षण क्षमता आहे का, असा. असेल तर त्याचेही गुण अपंगत्वातच धरायचे. माझी सून समोर बसून आपल्या मुलाची एकेक उणीव ठासून सांगत होती. घरी ती त्याच्या एकेका नव्या शब्दाची वही ठेवते. तिथे ती वही तिला पिशवीत दडवून ठेवावी लागली, कारण बेरीज कमी भरली तर हातचं जाईल. आईला स्वतःच्या पोराविरुद्ध साक्ष द्यायला लावणारी व्यवस्था मला मान्य नाही, आणि तिच्यावाचून आमचं चालतही नाही.

हे मिळवायला जायचं जिल्ह्याच्या ठिकाणी. महाडपासून अलिबाग शंभर किलोमीटरच्या वर, आणि वाडीवरून निघालं तर त्याआधी पोलादपूरपर्यंतची पायपीट वेगळी. हॉर्न वाजला की कान दाबून किंचाळणाऱ्या मुलाला घेऊन मुंबई-गोवा महामार्गावर अर्धा दिवस. पहिल्यांदा तज्ज्ञ रजेवर होते. दुसऱ्यांदा काम झालं. मग 22 जुलै 2021 आलं. त्या दिवशी तळियेवर आणि सुतारवाडी-केवनाळ्यावर डोंगर उतरला, महाड शहर पाण्याखाली गेलं. आम्ही माळ्यावर होतो. सहा वर्षांचं पोर रात्रभर ओरडत होतं. आम्हाला वाटलं पाण्याला भ्यालं. दोन दिवसांनी वीज आली, पंखा फिरू लागला आणि ते गप्प झालं. त्याच्या जगातला एक आवाज बंद पडला होता, एवढंच त्याचं दुःख होतं. खाली कपाटात ठेवलेल्या फाइलीचा लगदा झाला होता. कागद पुन्हा उभे करायला सात महिने लागले.

महाडच्या माणसाला कागद आणि हक्क यांतलं अंतर कुणी शिकवायला नको. 1923 मध्ये मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा बोल्यांचा ठराव झाला, 1924 मध्ये महाड नगरपालिकेनेही ठराव करून चवदार तळं सर्वांना खुलं केलं. तरी 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी ओंजळ भरेपर्यंत कुणा अस्पृश्याला ते पाणी पिता आलं नाही, आणि पाणी प्यायल्यानंतर लोकांची डोकी फुटली. कोर्टाचा शेवटचा निकाल यायला 1937 उजाडलं. तो अन्याय आणि हा एकाच तराजूत घालण्याचा उद्धटपणा मी करणार नाही. पण त्याच गावात राहून 'कायदा झाला आहे ना' असं मला कुणी ऐकवलं तर मी त्याला तळ्याची पायरी दाखवते.

मला काय हवं आहे तेही सांगते. आठवड्यातून एक दिवस महाडला आणि एक दिवस पोलादपूरला वाचा-उपचार करणारं माणूस. तालुक्यातल्या तालुक्यात तपासणी. अंगणवाडीताईंना दोन वर्षांच्या मुलात काय बघायचं याचं नीट शिक्षण. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत येतं, वजन-उंची घेतं. हाक मारल्यावर मूल वळून बघतं का, तेही त्यांनी तितक्याच निगुतीने बघावं. गावाकडूनही काही हवं आहे. महाडच्या वीरेश्वराच्या छबिन्याच्या उत्सवाला गावोगावच्या पालख्या आणि सासणकाठ्या येतात, ढोल छातीत वाजतात. माझ्या नातवाला देव बघायला आवडतो आणि ढोल सोसत नाही. पहाटे, ढोल सुरू होण्याआधी, त्याला दर्शन मिळावं असं मी एका मानकऱ्यांना विचारलं. ते म्हणाले, "आणा की बाई, त्यात काय!" दहा वर्षांत कुणी इतकं साधं उत्तर दिलं नव्हतं.

आता माझं. 1994 साली एका वाडीवरच्या शाळेत सात वर्षांचा मुलगा आला. मी विचारलं, "नाव काय तुझं?" तो म्हणाला, "नाव काय तुझं?" वर्ग हसला. मी पुन्हा विचारलं, त्याने पुन्हा तेच म्हटलं, अगदी माझ्याच सुरात. तो मला वेडावतो आहे असं समजून मी त्याला छडीने मारलं. पुढची दोन वर्षं तो पडवीत बसला. खडे गोळा करून आकाराप्रमाणे ओळीत लावायचा, मी शिकवत राहायचे. मग तो येईनासा झाला आणि मी हजेरीपटातून त्याचं नाव कमी केलं. ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं परत म्हणणं हीच अशा कित्येक मुलांची बोलण्याची पहिली वाट असते, हे मला पंचवीस वर्षांनी, माझा नातू "पाणी हवं का" म्हणत पाणी मागू लागला तेव्हा कळलं. तो मुलगा मला उत्तर देत होता.

या दिवाळीनंतर मी त्या वाडीवर गेले. तो आता चाळिशीला आला आहे. गुरांमागे जातो. वाड्याच्या भिंतीलगत त्याने दगड लावले आहेत, मोठ्यापासून लहानापर्यंत. त्याला विकार आहे असं कुठल्या डॉक्टरने सांगितलं नाही, आणि तो वेगळा आहे असं म्हणायला पुण्याहून कुणी आलं नाही. त्याच्या म्हाताऱ्या आईने मला ओळखलं. मी मारल्याचं तिला आठवत होतं की नाही कळलं नाही, मी विचारायच्या आतच तिने मला विचारलं, "बाई, माझ्या मागं याचं कसं? आता याचा कागद हुईल का?"

मी होईल म्हटलं. बुधवारी तपासणी असते. पहाटेची पहिली गाडी धरायची तर त्या दोघांना मंगळवारी रात्रीच महाडला उतरावं लागेल. माझ्याकडे झोपतील. पंखा चालू ठेवायचा की बंद, ते त्यालाच विचारावं लागेल.