आकाशातला प्रकाश आणि डोळ्यांतला प्रकाश



२ एप्रिल २०२२ ची, गुढीपाडव्याची संध्याकाळ आठवते? जळगावपासून विदर्भापर्यंत अनेकांनी आकाशात पेटत्या रेघा सरकताना पाहिल्या. कोणी उल्का म्हणाले, कोणी विमान. त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी गावात सुमारे ३ मीटर व्यासाची धातूची कडी पडली. पुढे इस्रोचे पथक येऊन पाहणी करून गेले. तो बहुधा चिनी रॉकेटचा भाग होता.

लडाखचे उदाहरण याहून बोलके आहे. २०१२-१३ मध्ये सीमेवरच्या जवानांनी आकाशात फिरणाऱ्या प्रकाशाच्या ३२९ नोंदी केल्या. संशय शेजारी देशाच्या ड्रोनचा होता. लष्कराने बंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेला विचारले. उत्तर आले: ते गुरू आणि शुक्र हे ग्रह आहेत! जवानांना दिसले ते खरेच होते, फक्त अर्थ वेगळा निघाला.

दवाखान्यातही मी हेच सांगतो. जे दिसते ते लपवू नका, आणि त्याचा अर्थ स्वतःच ठरवू नका.

धुळ्याकडचे एक आजोबा माझ्याकडे बीपी तपासायला आले होते. उठता उठता म्हणाले, "डॉक्टर, चार दिवस झाले, डोळ्यात वीज चमकते. घरी सांगितलं तर हसतील." पडदा सरकू लागला होता. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाकडे पाठवले, पण चार दिवस वाया गेलेच.

म्हणून प्रकाश इतरांना दिसत नसेल, फक्त तुम्हालाच दिसत असेल, तर हे लक्षात ठेवा:

• अचानक चमका, काळे ठिपके, नजरेवर पडदा आल्यासारखे वाटणे: दृष्टिपटल सुटत असेल. त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञ गाठा.
• नागमोडी चमकत्या रेषा, साधारण तासाभरात जाणाऱ्या, मग डोकेदुखी: अर्धशिशी असू शकते. पहिल्यांदाच झाले तर तपासून घ्या.
• नजर अधू झालेल्या ज्येष्ठांना माणसे, आकृत्या दिसणे: हे वेडच असते असे नाही. डॉक्टरांना सांगा.
• सोबत बोलणे अडखळले, तोंड वाकडे झाले, हातपाय लुळा पडला: लगेच १०८ ला फोन करा.

आणि खरोखरच आकाशातून काही पडले, तर हात लावू नका. काही रॉकेटमध्ये हायड्राझिनसारखे विषारी इंधन असते. पोलिसांना कळवा.

जवानांनी ठेवली तशी नोंद तुम्हीही ठेवा: केव्हा दिसले, किती वेळ, एका डोळ्याने की दोन्ही. आणि घरातल्यांना विनंती, सांगणाऱ्याला हसू नका. हसण्यात गेलेले दिवस परत मिळत नाहीत.