सुट्टीत कपाटे उघडा

परीक्षा संपल्या. आता जूनच्या मध्यापर्यंत शाळेची घंटा नाही. बाहेर ऊन, घरात मोबाइल, आणि नेमक्या याच दुपारी अनेक वाचनालयांचे दार बंद! उन्हाळी वाचन उपक्रमाची पहिली पायरी म्हणजे हे दार दुपारी उघडणे.

उघड्या दाराचे उदाहरण म्हणजे भिलार. पाचगणीजवळचे हे गाव ४ मे २०१७ रोजी, ऐन सुट्टीत, ‘पुस्तकांचे गाव’ झाले. स्ट्रॉबेरी पिकवणाऱ्या गावकऱ्यांनी पुस्तकांसाठी घरातल्या खोल्या दिल्या. कुणीही यावे, हवे ते पुस्तक काढावे, बसून वाचावे, पैसे नाहीत. पुस्तक हाताला लागले की मूल ते चाळतेच. काचेच्या कुलूपबंद कपाटातला ‘फास्टर फेणे’ मात्र कुणाच्याच कामाचा नाही.

रत्नागिरीचे नगर वाचनालय १८२८ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. राज्याच्या १९६७ च्या ग्रंथालय कायद्याने सार्वजनिक ग्रंथालयांच्या अनुदानाला आधार दिला. एवढा वारसा असताना बालविभाग ओस पडावा, हे मनाला लागते.

वाचनालयांनी दोन महिने मुलांची अनामत माफ करावी. आठवड्यातून एक दुपार मोठ्याने वाचनाला द्यावी. गावातल्या निवृत्त शिक्षकांना बोलवावे. कॉमिक्स, कोडी, क्रिकेटची पुस्तके, ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक, सगळे चालेल. सारांश लिहून आणण्याची सक्ती मात्र नको, तो गृहपाठच होतो. आणि पालकांनी मुलाला नुसते दारापर्यंत सोडून परतू नये. शेजारच्या बाकावर स्वतःही एखादे पुस्तक घेऊन बसावे.